कॅथर पंथ : सगळा डोलारा एका संस्कारावर

मोडीवाचक

कॅथर (मध्ययुगीन युरोपातला, चर्चने पाखंडी ठरवलेला ख्रिस्ती पंथ) म्हटलं की डोंगरावरचा पडका किल्ला आणि त्यात दडवलेला खजिना एवढंच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतं. दोन्हींचा मूळ पंथाशी संबंध बेताचाच. (किल्ल्यांचं खाली कुणीतरी विचारेलच.) या धाग्यात पंथाच्या आत शिरू या. ही माणसं काय मानत, काय करत, आणि त्यांच्या व्यवस्थेला भेग कुठून गेली.

आधी नाव. 'कॅथर' हे नाव त्यांनी घेतलेलं नाही. ग्रीक 'काथारोस' म्हणजे शुद्ध. ऱ्हाइनकाठच्या पाखंड्यांसाठी हे नाव एकबर्ट ऑफ शोनाऊ या मठवाशाने ११६३ च्या सुमारास प्रवचनांत वापरलं. पुढे अॅलन ऑफ लील याने लॅटिन 'कात्तुस', म्हणजे मांजर, यावरून व्युत्पत्ती लावली, कारण हे लोक मांजराच्या बुडाचा मुका घेतात म्हणे! विरोधकांच्या व्युत्पत्त्या कुठल्याही देशात सारख्याच. दक्षिण फ्रान्समध्ये आल्बी गावावरून 'आल्बिजेन्सियन' हे नाव पडलं. त्यांच्यातल्या दीक्षितांना लावलेल्या 'पर्फेक्ती' या शब्दाचं आज 'परिपूर्ण सत्पुरुष' असं गोड भाषांतर होतं. चर्चच्या पाखंड-चौकशीच्या (इन्क्विझिशनच्या) दप्तरात मात्र त्याचा अर्थ 'पक्का, पुरता पाखंडी' एवढाच आहे. ते स्वतःला 'चांगले ख्रिस्ती' म्हणवत, आणि गावकरी त्यांना ऑक्सितान भाषेत 'बोन्स ओमेस', चांगली माणसं, म्हणत. बायकांना 'बोनास फेम्नास'.

काळ बाराव्या शतकाच्या मध्यापासून चौदाव्याच्या पहिल्या पंचविशीपर्यंत. प्रदेश मुख्यतः तुलूज, आल्बी, कार्कासोन, फ्वा यांच्या आसपासचा लांगडॉक, आणि उत्तर इटलीतला लोंबार्दी.

श्रद्धेचा गाभा द्वैताचा. हे दिसणारं जग चांगल्या देवाने केलेलं नाही, ते सैतानाचं काम. जीव म्हणजे स्वर्गातून खाली पडलेले किंवा पळवून आणलेले देवदूत, आणि ते 'कातड्याच्या अंगरख्यात' कोंडले गेले आहेत. सुटका होईपर्यंत ते एका देहातून दुसऱ्या देहात फिरतात. ख्रिस्ताने खरा देह घेतलाच नाही, तो देहासारखा दिसला. म्हणून क्रूस पूजण्याजोगा नाही, अवशेष पूजण्याजोगे नाहीत, आणि पाण्याच्या बाप्तिस्म्याने काही धुतलं जात नाही, कारण पाणीही त्याच सैतानाच्या हातचं. चर्चचे सात संस्कार त्यांनी मोडीत काढले आणि एकच ठेवला, 'कोन्सोलामेंतुम'. म्हणजे सांत्वन, पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा.

या विधीच्या दोन संहिता हाती आहेत. एक ऑक्सितानमधली, लिआँच्या नव्या कराराच्या हस्तलिखितात, आणि दुसरी लॅटिन, फ्लॉरेन्सची. दोन्ही तेराव्या शतकातल्या. त्या शत्रूने लिहिलेल्या नाहीत, म्हणून त्यांचं मोल मोठं.

उमेदवार आधी साधारण वर्षभर उपास-तापास करून कस लावून घेई. मग दोन टप्पे. पहिल्यात त्याला प्रभूची प्रार्थना 'सुपूर्द' होई. दीक्षा न घेतलेल्या साध्या श्रद्धाळूला ती म्हणायचा अधिकारच नव्हता, कारण अजून सैतानाच्या देहात अडकलेला माणूस देवाला 'आमच्या पित्या' कोणत्या तोंडाने म्हणणार? दुसरा टप्पा मुख्य विधीचा. मेजावर पांढरं कापड, त्यावर शुभवर्तमानाची पोथी. जमलेल्यांनी हात धुवायचे. उमेदवाराने तीनदा गुडघे टेकून आशीर्वाद मागायचा, क्षमा मागायची. मग वचनं. मांस, अंडी, चीज, चरबी खाणार नाही. खोटं बोलणार नाही, शपथ घेणार नाही, जीव मारणार नाही, कुणाशी शरीरसंबंध ठेवणार नाही. जबान्यांमध्ये आणखी येतं: सोबत मिळत असताना एकटा फिरणार नाही, सदरा-विजार घातल्याशिवाय झोपणार नाही, आणि पाणी, आग किंवा कुठल्याही मरणाच्या भीतीने श्रद्धा सोडणार नाही. मग ज्येष्ठ व्यक्ती पोथी उमेदवाराच्या डोक्यावर धरते, बाकीचे दीक्षित उजवा हात ठेवतात, आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ वाचला जातो. शेवटी शांतीचं चुंबन. पुरुष पुरुषांना, बायका बायकांना; मधे पोथी ठेवून तिच्यामार्फत एकमेकांना.

बस, एवढंच. तेल नाही, मीठ नाही, मंदिर नाही. कुणाचंही स्वयंपाकघर पुरे.

पण मेख इथेच आहे. हा संस्कार देणारा स्वतः शुद्ध असलाच पाहिजे. कॅथलिक चर्चने हा प्रश्न ऑगस्टीनच्या काळीच निकाली काढला होता: पाद्री पापी असला तरी त्याच्या हातचा संस्कार खरा. कॅथरांना ते मान्य नव्हतं. देणारा घसरला, मग ते गुपचूप का असेना, की त्याच्या हातून दीक्षा घेतलेले सगळे रिकामे. त्यांनी ज्यांना दिली तेही रिकामे.

---

खडीसाखर

वा, वाचनखूण साठवली. एक प्राथमिक शंका. द्वैत म्हणजे आपल्या मध्वाचार्यांच्या द्वैतासारखं समजायचं का? आणि महानुभाव साधारण याच काळातले, तेही द्वैती. काही धागा जुळतो?

---

ताम्रपट

शब्द एक, वस्तू वेगळी. मध्वमतात भेद जीव आणि ईश्वर यांच्यात आहे, पण ईश्वर एकच, आणि सृष्टी त्याच्याच ताब्यात. कॅथरांचं द्वैत दोन कर्त्यांचं. महानुभावांकडे जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर असे चार नित्य पदार्थ आहेत, तेव्हा तेही जुळत नाही. हं, रचनेत एक साम्य नजरेत भरतं. तिकडे दीक्षित आणि श्रद्धाळू, इकडे संन्यासी आणि वासनिक. पण असे दोन थर बौद्ध-जैनांतही आहेत. त्यावरून नातं काढायचं तर अर्धं जग नात्यात येईल.

कॅथरांचं म्हणून जे नातं खरोखर मांडता येतं ते बोगोमिलांशी. दहाव्या शतकात बल्गेरियाचा झार पीटर राज्य करत असताना बोगोमिल नावाच्या पाद्र्याने हे मत पसरवलं, असं कॉस्मास हा पाद्री त्याच्याविरुद्ध लिहिताना सांगतो. कॉन्स्टँटिनोपलमध्ये सम्राट अलेक्सियोस कोम्नेनोसने बासिल या बोगोमिल पुढाऱ्याला जाळलं, त्याचं वर्णन राजकन्या आन्ना कोम्नेना हिने लिहून ठेवलंय. जगाचा त्याग, क्रूसाचा तिटकारा, प्रभूच्या प्रार्थनेवरचा भर, हे सगळं तिथे आधीच दिसतं.

आता दोन कर्ते म्हणजे नेमके कसे, यावर त्यांच्यातच भांडण होतं. सौम्य मत: देव एकच, सैतान त्याचाच बंड केलेला दूत, आणि त्याने आयत्या पंचमहाभूतांतून जग घडवलं. कडक मत: चांगलं आणि वाईट ही दोन्ही मूलतत्त्वं अनादि. कडक पक्षाचा युक्तिवाद सरळ होता. चांगलं झाड वाईट फळ देत नाही, असं मत्तय ७ मध्ये ख्रिस्तच सांगतो, मग चांगल्या देवाने घडवलेला दूत बिघडेल कसा? 'स्वतंत्र इच्छेने' हे उत्तर त्यांना पटत नसे. सर्वज्ञ देवाला तो बिघडणार हे ठाऊक होतं, म्हणजे त्याने बिघडणारा दूत मुद्दाम घडवला का, हा त्यांचा प्रतिप्रश्न.

आणखी एक वाचन मला फार चलाख वाटतं. योहान १:३ मध्ये लॅटिन पाठ 'सिने इप्सो फाक्तुम एस्त निहिल' असा आहे. सरळ अर्थ: त्याच्यावाचून काहीही झालं नाही. कडक कॅथर वाचत: त्याच्यावाचून 'निहिल' झालं. म्हणजे देवाशिवाय जे झालं ते शून्य, आणि ते शून्य म्हणजेच हे दृश्य जग. व्याकरणाला धक्का न लावता अख्खी सृष्टी देवाच्या खात्यातून वजा!

---

उंबरठा

प्रार्थनेबद्दल थोडी भर. ते 'रोजची भाकर' न म्हणता 'पदार्थापलीकडची भाकर' म्हणत, आणि हा पाखंडी फेरफार होता असं सर्रास लिहिलं जातं. फेरफार नव्हताच. लॅटिन बायबलात मत्तयाच्या पाठात 'सुपरसुब्स्तान्तियालेम' हाच शब्द आहे, आणि लूकच्या पाठात 'रोजची'. कॅथलिक उपासनेत 'रोजची' रुळलं, त्यांनी मत्तय धरला. तसंच 'राज्य, पराक्रम व गौरव ही तुझीच आहेत' हा शेवट ते म्हणत. लॅटिन चर्चमध्ये तो नव्हता, पूर्वेकडे होता. आज मराठी प्रॉटेस्टंट चर्चमध्ये रोज म्हटला जातो, तेव्हा आपल्याकडे कुणाला त्यात वावगं वाटणार नाही. तेराव्या शतकात तुलूजमध्ये ऐकू आला असता तर कान टवकारले असते.

---

घाटवाट

जेवणाचं नीट सांगा की कुणीतरी. मांस नाही, दूध-अंडी नाही, पण मासे चालतात? हे कसलं शाकाहारी?

---

मोडीवाचक

शाकाहार हा त्यांचा मुद्दाच नव्हता, घाटवाट. मुद्दा संभोगाचा. नर-मादीच्या संगातून जे जन्मतं आणि त्यापासून जे मिळतं (दूध, चीज, अंडी, चरबी) ते निषिद्ध. मासे पाण्यातच आपोआप होतात असा त्या काळचा सार्वत्रिक समज होता, म्हणून ते चालत. जिवाच्या भटकंतीचं दुसरं कारणही होतं: गायीत किंवा कोंबडीत एखादा पडलेला देवदूत असू शकतो.

रोजचं खाणं म्हणजे भाकरी, तेल, भाज्या, डाळी, फळं, मासे, पाणी घातलेली वाइन. वर्षातून ४० दिवसांचे तीन उपासकाळ, आणि एरवी सोमवार, बुधवार, शुक्रवार भाकरी-पाणी. प्रत्येक घासाआधी, प्रत्येक घोटाआधी प्रभूची प्रार्थना. जेवताना ज्येष्ठ व्यक्ती डाव्या खांद्यावरून सोडलेल्या पांढऱ्या कापडात भाकरी धरून, प्रार्थना म्हणून, तुकडे करून वाटे. ख्रिस्ताचं शरीर म्हणून नव्हे हं, नुसती आशीर्वादाची भाकरी. श्रद्धाळू ते तुकडे वर्षानुवर्षं जपून ठेवत, आणि पुढे चौकशीत तोच पुरावा ठरे.

श्रद्धाळूंवर यातलं कुठलंच बंधन नव्हतं. त्यांनी लग्न करावं, बकरं कापावं, लढाईवर जावं. त्यांचं कर्तव्य एकच: चांगला माणूस भेटला की तीनदा वाकून 'मला चांगला शेवट येवो, अशी देवाला विनवणी करा' म्हणायचं. मरणाआधी संस्कार मिळाला म्हणजे चांगला शेवट. इन्क्विझिशनने या वाकण्याला 'आराधना' हे नाव दिलं आणि गुन्ह्याच्या यादीत घातलं.

अवांतर: जीव न मारण्यावरून पारख करायची पद्धत कॅथरांच्याही आधीची. १०५२ च्या सुमारास गोस्लार इथे काही जणांनी कोंबडी मारायला नकार दिला म्हणून त्यांना पाखंडी ठरवून फाशी दिलं गेलं.

---

दवबिंदू

देणारा घसरला की दीक्षेची पुढची साखळी तुटते म्हणालात, तसं प्रत्यक्षात घडल्याचं उदाहरण आहे का? की नुसता तात्त्विक धोका?

---

ताम्रपट

घडलं, आणि इटलीतली अख्खी व्यवस्था त्यात फुटली. साधारण १२०० च्या एका लॅटिन टिपणात हा प्रसंग क्रमवार आलाय.

लोंबार्दीचा बिशप मार्क याची परंपरा बल्गेरियाची, म्हणजे सौम्य मताची. कॉन्स्टँटिनोपलहून 'पापा' (धर्मगुरू) निकेतास आला आणि बल्गेरियाची परंपराच शंकास्पद आहे असं सांगू लागला. मार्क हादरला. त्याने निकेतासकडून बाल्कनमधल्या द्रुगुंथियाच्या परंपरेची, कडक मताची, दीक्षा नव्याने घेतली. त्याच्या मागे बाकीच्यांनीही. काही वर्षांनी समुद्रापलीकडून पेत्राकियुस नावाचा माणूस बातमी घेऊन आला की निकेतासला ज्याच्याकडून परंपरा मिळाली तो द्रुगुंथियाचा सिमोन एका बाईबरोबर खोलीत सापडला होता. झालं! सिमोन रिकामा, म्हणून निकेतास रिकामा, म्हणून मार्क रिकामा, म्हणून लोंबार्दीतले सगळे रिकामे.

तोवर मार्क वारला होता. त्याच्या वारसाविरुद्ध एक गट फुटला. तडजोड म्हणून चिठ्ठ्या टाकून एकच बिशप निवडायचं ठरलं. गाराट्टुस नावाच्या माणसाचं नाव आलं, आणि मग दोन साक्षीदारांनी सांगितलं की त्याचाही एका बाईशी संबंध आहे. यानंतर जो तो आपापली वाट धरून बल्गेरिया, द्रुगुंथिया, स्लावोनिया अशा वेगवेगळ्या ठिकाणी दीक्षेसाठी माणसं धाडू लागला. देसेन्झानोचे कडक, कोन्कोरेझोचे सौम्य, बान्योलोचे मधले, अशा तीन चुली मांडल्या गेल्या.

रायनेर साक्कोनी हा १७ वर्षं कॅथर होता, मग कॅथलिक चर्चचा डॉमिनिकन साधू झाला. १२५० मध्ये तो लिहितो की या भीतीपायी एक-दोन अपवाद सोडले तर त्यांच्या सगळ्या मंडळ्यांनी दीक्षा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा घेतली आहे. त्याची संख्याही उपयोगाची: कोन्कोरेझोत १५०० च्या वर, देसेन्झानोत सुमारे ५००, तुलूज-आल्बी-कार्कासोन मिळून सुमारे २००, आणि साऱ्या जगात दीक्षित स्त्री-पुरुष ४००० सुद्धा नाहीत. श्रद्धाळू अर्थात अगणित. म्हणजे चार हजारांच्या आत माणसांच्या ब्रह्मचर्यावर सगळ्यांचा मोक्ष टांगलेला.

---

पैलथडी

इतका वेळ गप्प होते, पण आता विरोधी सूर लावते. 'पंथ', 'बिशप', 'परंपरा' हे सगळं निदान लांगडॉकपुरतं तरी चर्चच्या लेखण्यांतून उभं राहिलेलं चित्र आहे, असं म्हणणारा इतिहासकारांचा एक मोठा गट गेल्या २५-३० वर्षांत पुढे आलाय. आर. आय. मूर, मार्क पेग वगैरे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. गावोगावच्या 'चांगल्या माणसांभोवती' मान देण्याचा, वाकण्याचा एक स्थानिक रिवाज होता. पॅरिसला शिकून आलेल्या पाद्र्यांनी मानीच्या पंथाविरुद्धचा ऑगस्टीन वाचला होता. त्यांनी तोच साचा इथे बसवला, मग त्याच साच्याचे प्रश्न विचारले, आणि उत्तरं साच्यातली आली.

सें-फेलिक्सच्या ११६७ च्या सभेचंच बघा. हाच निकेतास तिथे आला, बिशप नेमले, हद्दी आखल्या, असं सांगतात. मूळ दस्तऐवज कुठाय? गिय्योम बेस्सने १६६० मध्ये छापलेली प्रत तेवढी हाती आहे.

---

मोडीवाचक

पैलथडी, हा प्रतिसाद येणार म्हणून वाटच पाहत होतो. सें-फेलिक्सच्या कागदावर कुणी इमारत बांधू नये, मान्य. लांगडॉकच्या श्रद्धाळूंना अनादि तत्त्वांशी फारसं देणंघेणं नव्हतं, हेही मान्य. जबान्यांत तत्त्वज्ञान क्वचित, आणि 'कुणाकडे भाकरी खाल्ली, कोण वाकलं' हेच पानोपानी.

पण सगळंच साच्यातून आलं म्हणणं मला पटत नाही. विधीच्या दोन पोथ्या पाद्र्यांनी रचलेल्या नाहीत. 'दोन मूलतत्त्वांचं पुस्तक' हा ग्रंथ इटलीतल्या कडक पक्षाच्या माणसाने, सौम्य पक्षाला खोडून काढण्यासाठी लिहिलेला आहे. शत्रूचा साचा असता तर त्यात घरातलं भांडण कशाला आलं असतं? आणि लिआँची पोथी ऑक्सितानमध्ये आहे, म्हणजे विधी इटलीपुरता नव्हता. प्रश्न उरतो तो बाराव्या शतकाचा. १२०९ च्या धर्मयुद्धाआधी लांगडॉकमध्ये ही व्यवस्था किती घट्ट होती, यावर तुमच्या बाजूला मी चार पावलं यायला तयार आहे.

---

पैलथडी

चार पावलं पुरेत :) बाकी साक्कोनीला साचेबंद म्हणणं मलाही जड जाईल.

---

घाटवाट

'सगळ्यांना मारा, देव आपली माणसं ओळखेल' हे खरंच कुणी म्हणालं होतं का?

---

उंबरठा

१२०९ मधल्या बेझिए शहराच्या कत्तलीबद्दलचं हे वाक्य सीझारियुस ऑफ हाइस्टरबाख या जर्मन मठवाशाने सुमारे दहा-बारा वर्षांनी लिहिलं, आणि तेही 'असं म्हणाला असं सांगतात' म्हणून. तोंडी घातलंय पोपचा प्रतिनिधी आर्नो आमोरी याच्या. तो तसं बोलला असेल वा नसेल, त्याचं स्वतःचं पोपला लिहिलेलं पत्र आहे, आणि त्यात वय, लिंग, दर्जा न पाहता जवळजवळ २०,००० जणांना तलवारीखाली घातल्याचं तो समाधानाने कळवतो. आकडा फुगवलेला आहे, शहरात तेवढी वस्ती असणंच कठीण. पण फुगवावासा वाटला यातच काय ते आलं.

क्रम असा: १४ जानेवारी १२०८ रोजी पोपचा दूत पिएर द कास्तेल्नो याचा सें-जीलजवळ खून झाला. संशय तुलूजच्या काउंटवर, आणि त्यावरून पोप इनोसंट तिसरा याने धर्मयुद्ध पुकारलं. ख्रिस्ती राज्यावरच. २२ जुलै १२०९ रोजी बेझिए पडलं. तिथल्या बिशपने पाखंड्यांची यादी आणली होती, नावं सव्वादोनशेच्या आत. कॅथलिक नागरिकांना सांगितलं, यांना सोपवा किंवा बाहेर पडा. त्यांनी नकार दिला. मारले गेलेले बहुसंख्य कॅथलिकच, माग्दालेनाच्या चर्चमध्ये आसरा घेतलेले.

पाखंड्यांना वेगळं काढून जाळणं त्यानंतर सुरू झालं. १२१० मध्ये मिनेर्व्हला सुमारे १४०, १२११ मध्ये लाव्होरला ३०० ते ४००. १२१३ मध्ये म्युरेच्या लढाईत आरागॉनचा राजा पेद्रो पडला, आणि तो पक्का कॅथलिक होता. १२१८ मध्ये तुलूजच्या वेढ्यात दगडफेकी यंत्राच्या धोंड्याने सिमों द मोंफोर गेला. १२२९ च्या पॅरिस तहाने काउंटची मुलगी फ्रान्सच्या राजाच्या भावाला द्यायची ठरली, आणि १२७१ मध्ये सगळा प्रदेश राजाच्या पदरात. वीस वर्षांच्या लढाईने राजकारण बदललं, पंथ मात्र मोडला नाही. तो मोडला कारकुनांनी.

---

दवबिंदू

कारकुनांनी म्हणजे इन्क्विझिशनने? गोव्यातलं तेच का हे?

---

ताम्रपट

वंशावळ एकच, संस्था वेगळी. तेराव्या शतकात 'इन्क्विझिशन' नावाची कचेरी नव्हती. १२३३ पासून पोप ग्रेगरी नववा डॉमिनिकन साधूंना एकेका प्रदेशासाठी न्यायाधीश नेमू लागला. पोर्तुगालचं इन्क्विझिशन १५३६ चं, राजाच्या मुठीतलं. गोव्याचं १५६० ला सुरू झालं, १७७४ ते १७७८ बंद, आणि १८१२ ला कायमचं उठलं. तिथे निशाण्यावर होते जुन्या रीतींकडे वळल्याचा संशय असलेले बाटगे. पण कामाची रीत लांगडॉकमध्येच घडली: कृपाकाळ, साक्षीदारांची नावं गुप्त, शपथेवरची जबानी, अंगावर वागवायचं प्रायश्चित्ताचं चिन्ह.

लांगडॉकमध्ये हे असं चाले. गावात येऊन प्रवचन, मग ठरावीक दिवसांची मुदत. त्यात आपणहून कबूल झालात तर शिक्षा हलकी. मात्र कबुली म्हणजे फक्त स्वतःचं नव्हे. कोण हजर होतं, कुणी वाकून नमस्कार केला, कुणी घरात घेतलं, सगळी नावं. शपथ घेणार नाही म्हणणारा तिथेच उघडा पडे. १२४५-४६ मध्ये बेर्नार द को आणि जाँ द सें-पिएर यांनी लोरागे भागातल्या पाच हजारांहून अधिक जणांना तुलूजला बोलावून असं तपासलं. त्या जबान्यांची नक्कल आजही तुलूजमध्ये आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या आठवणी, गावनिहाय. चुलत्याने पुतण्याचं नाव दिलं आणि शेजाऱ्याने चुलत्याचं, की पुढच्या वेळी दार उघडायला कोण धजेल?

जाळणं हा नियम नव्हता, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. बेर्नार गी याने १३०७ ते १३२३ मध्ये ९०० च्या वर निकाल दिले, त्यांतले जाळण्यासाठी सोपवलेले जिवंत आरोपी चाळिसाच्या आसपास. बाकी तुरुंग, जप्ती, तीर्थयात्रा, आणि कपड्यांवर छातीला-पाठीला शिवलेले पिवळे क्रूस. पिवळा क्रूस लागला की काम मिळत नसे, मुलीचं लग्न ठरत नसे. मेलेल्यांची हाडं उकरून जाळत ते वेगळंच. त्यामागे वारसांची मालमत्ता जप्त करायचा हिशेब होता.

---

घाटवाट

आता किल्ले. आणि खजिना. विचारतोच.

---

मोडीवाचक

विचारणारच! पेरपेर्त्यूज, केरिब्यूस वगैरे 'कॅथर किल्ले' म्हणून पर्यटकांना दाखवतात. आज दिसतं ते बांधकाम बहुतांशी फ्रान्सच्या राजाचं, आरागॉनच्या सरहद्दीवर पहारा ठेवायला उभं केलेलं. मोंसेग्युरचा कॅथरांशी संबंध पक्का आहे, पण १२०७ मीटरवरच्या त्या सुळक्यावरच्या आजच्या भिंती वेढ्यानंतरच्या. कॅथरांच्या वेळी तिथे डोंगराच्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी लगडलेलं गाव होतं.

मे १२४२ मध्ये तिथल्या माणसांनी आविन्योने इथे दोन चौकशी-न्यायाधीशांना त्यांच्या माणसांसकट कापलं. त्याचा जाब म्हणून मे १२४३ ला वेढा पडला. २ मार्च १२४४ रोजी तह: पंधरा दिवसांची सवड, शिपायांना माफी, आणि श्रद्धा सोडणार नाही तो आगीत. १३ मार्चला २१ जणांनी कोन्सोलामेंतुम घेतला. तीन दिवसांनी काय होणार हे माहीत असून. गडाचा धनी रेमों द पेरेय याची बायको कोर्बा आणि मुलगी एस्क्लारमोंद त्यांत होत्या. १६ मार्चला दोनशेवर माणसं जळली.

खजिन्याबद्दल जबान्यांत स्पष्ट आहे: सोनं, चांदी आणि 'अगणित नाणी', १२४३ च्या नाताळाच्या सुमारास दोघांनी खाली उतरवून नेली. ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनातला पवित्र प्याला नव्हे, रोकड. लोक मृत्युपत्राने पैसे ठेवत, ठेवी ठेवत. फरारी दीक्षितांना सांभाळायला, इटलीला पोचवायला खर्च लागे. प्याल्याची कथा विसाव्या शतकात ओटो रान या जर्मनाने लोकप्रिय केली, आणि तो पुढे नाझींच्या एस.एस.मध्ये गेला.

---

खडीसाखर

मरणाआधी उपास करून प्राण सोडायचे म्हणतात. हे आपल्याकडच्या जैनांच्या सल्लेखनेसारखंच झालं की.

---

उंबरठा

वरवर तसं दिसतं. सल्लेखनेत आहार टप्प्याटप्प्याने, गुरूच्या अनुज्ञेने, कर्मनिर्जरेसाठी कमी करतात. ते व्रतच आहे. कॅथरांचा हा उपास, 'एन्दुरा', एका व्यावहारिक अडचणीतून निघाला. विधीच्या पोथीत तो नाही, आणि बहुतेक दाखले १३०० नंतरचे, दीक्षित पिएर ओतिए आणि त्याच्या साथीदारांच्या वर्तुळातले.

अडचण अशी. आजारी माणसाला संस्कार दिला की त्याला दीक्षिताचे सगळे नियम लागू. घासाआधी प्रार्थना म्हणायलाच हवी. शुद्ध हरपली तर कोण म्हणणार? घरचे मायेने मटणाचा रस्सा पाजतील, की संस्कार वाया. पुन्हा द्यायला चांगला माणूस परत येईलच असं नाही, कारण मागावर शिपाई. म्हणून फक्त पाणी. मूळ पोथी उलट सांगते: रोगी बरा झाला तर त्याला पुन्हा मंडळीपुढे आणून शक्य तितक्या लवकर संस्कार पुन्हा द्यावा.

संस्कार घेताना रोग्याला बोलता यायला हवं, हीदेखील अट. मोंसेग्युरच्या वेढ्यात यावर तोड निघाली, 'कोन्व्हेनेन्सा'. म्हणजे आधीच करार करून ठेवायचा की जखमी होऊन वाचा गेली तरी संस्कार द्यावा.

घोळ कसा होई त्याचं एक उदाहरण पामिएचा बिशप जाक फुर्निए याच्या चौकशीच्या दप्तरात आहे. आर्कच्या सिबिय पेर हिची वर्षाच्या आतली आजारी मुलगी, जाकोत. प्राद ताव्हेर्निए या दीक्षिताने तिला संस्कार दिला आणि बजावलं, आता दूध नाही. तो आणि नवरा बाहेर गेल्यावर आईला राहवलं नाही, तिने पाजलं. नवरा तिच्यावर संतापला. खरं तर बोलता न येणाऱ्या बाळाला संस्कार देणं हेच मुळात नियमाबाहेरचं. पाण्याच्या बाप्तिस्म्यावर कॅथरांचा आक्षेप नेमका हाच होता की अजाण बाळाला तो देतात.

---

दवबिंदू

आणि शेवट? शेवटचा दीक्षित कोण?

---

ताम्रपट

लांगडॉकपुरता गिय्योम बेलिबास्त. पिएर ओतिए हा आक्स गावचा नोटरी. लोंबार्दीला जाऊन दीक्षा घेऊन परतला, दहाएक वर्षं डोंगराळ गावांतून मंडळी पुन्हा बांधली, एप्रिल १३१० मध्ये तुलूजला जाळला गेला. त्याच्या फळीतला बेलिबास्त कातालोनियात पळाला. मूळचा मेंढपाळ, हातून एक खून झालेला, आणि दीक्षेनंतर रेमोंद नावाच्या बाईबरोबर राहत होता. ती गरोदर राहिली तेव्हा त्याने पिएर मोरी या भाबड्या मेंढपाळाशी तिचं लग्न लावलं आणि काही दिवसांतच मोडलं. आर्नो सिक्र हा भक्त म्हणून त्याच्याकडे राहिला. आईची जप्त झालेली मालमत्ता परत मिळवायची म्हणून तो फुर्निएचा हेर झाला होता. त्याने बेलिबास्तला फूस लावून सरहद्दीकडे आणलं. १३२१ मध्ये व्हिल्रूज-तेर्मेनेसला त्याला जाळलं.

म्हणजे वर मोडीवाचकांनी सांगितलेल्या नियमाने पाहिलं तर त्याच्या हातचा संस्कार कधीचाच फुकट गेला होता. त्याच्या भोवतीच्या कातालोनियातल्या मेंढपाळांना हे कुजबुजत का होईना कळत होतं. तरी ते त्याच्यापुढे वाकत, कारण दुसरा कुणी उरलाच नव्हता.

---

पैलथडी

आणि हे इतक्या बारकाईने कळतं कारण फुर्निए हा पामिएचा बिशप प्रश्न विचारताना थांबत नसे. त्याच दप्तरात एका दीक्षिताची गोष्ट आहे: मागल्या जन्मी तो घोडा होता, दोन दगडांत अडकून त्याचा नाल निखळला होता. या जन्मी सोबत्याबरोबर त्या वाटेने जाताना त्याला जागा ओळखीची वाटली. शोधलं, तर नाल तिथेच. १३३४ मध्ये फुर्निए बेनेडिक्ट बारावा म्हणून पोप झाला आणि दप्तर त्याच्याबरोबर गेलं. म्हणून तो नाल आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात, लॅटिनमध्ये, सापडतो.